भागीरथाच्या हातचं कातडं

सावरखेडा, जि. आदिलाबाद
१२ फेब्रुवारी २०२५

चि. प्रियदर्शनीस,

जयभीम. लिहाचा असते म्हून लिहितो, मनातून नाई.

फोन मुद्दामच लावला नाई. फोनवर तू अर्धं तेलुगू कोंबते, अन् मायं बोलणं व्हायच्या आधी "मोठेबाबा, ऑफिसात हाये" म्हणून कापते. कागद कापता येत नाई.

रमाई जयंतीचा तुमचा मावल्याचा व्हिडिओ ग्रामपंचायतीपाशी चार जण पाहून राह्यले होते, मले बलावून दाखवला. आठ बाया निळ्या साड्या नेसून डफडं वाजवून राह्यल्या. शहरात काईबी चालते, चालू दे. पण मधातल्या बाईच्या, म्हणजे तुयाच गळ्यात मले संघपालचं डफडं दिसलं. सागाचं कडं, एका बाजूनं जळकं. ते मी अंधारातबी वळखीन. अन् त्याच्यावर पांढरं प्लास्टिक! बादलीवर झाकण बसवावं तसं.

पोरी, ते कातडं काढलं कोणी? तू? माया लहान्या भावाचं डफडं हाये ते. तुया बाप मास्तर झाला, आदिलाबादले गेला, तरी दर भीमजयंतीले गावात येऊन तेच वाजवे. कातडं मी निवडलं, मी ताणलं, चिंचोक्याच्या खळीनं मी बसवलं. तुया मोठ्याईनं सात दिवस चुन्यात हात घालून ते कमावलं. पऱ्हाटीच्या जाळावर दोन मिनिटं धरलं की तीन वावरं ओलांडून ऐकू जाये.

जयंतीच्या आत डफडं मले परत पाठव. प्लास्टिक काढून पाठव. तुले प्लास्टिकच बडवाचं असन तं घरातला पिठाचा डबा बडव.

चंपत

---

मावला, आदिलाबाद
१९ फेब्रुवारी २०२५

मोठेबाबांना जयभीम. मी मनापासून लिहिते आहे. तुम्ही कसा लिहिता तो तुमचा प्रश्न.

हो, कातडं मीच काढलं, ब्लेडनं कापून. बाबा जाऊन दोन वर्षं झाली. डफडं कपाटावर चादरीत गुंडाळलेलं होतं, कडेनं झुरळांनी खाल्लेलं. फेकलं कुठं असं विचाराल, तर सकाळी कचऱ्याची गाडी येते, तिच्यात.

आमच्या पथकात आठ जणी आहेत. सुवर्णा नर्स आहे, दोघी शिक्षिका, एक अंगणवाडीत, मी मंडल ऑफिसात. संध्याकाळी शाळेच्या व्हरांड्यात सराव करतो. जुलैच्या पावसात कातडं ओल्या पापडासारखं होतं, मग जाळ कुठं करायचा? वॉचमन हाकलतो. फायबरच्या पानाला चार बोल्ट असतात. पान्यानं आवळले की झालं. 

पण खरं कारण हे नाही. मागच्या वर्षी एका शुक्रवारी मी बाबांचं डफडं ऑफिसात घेऊन गेले, तिथूनच सरावाला जायचं होतं म्हणून. आमचे एक सीनियर आले, नाकाला रुमाल लावला आणि हसत म्हणाले, "मॅडम, घरचा धंदा सुटला नाही वाटतं." मोठेबाबा, ते वीस वर्षांचं वाळलेलं कातडं. त्याला कसलाही वास नव्हता. तरी त्यांना आला. त्या रविवारी मी ब्लेड घेऊन बसले.

तुम्ही अभिमानानं लिहिलंत, मोठ्याईनं सात दिवस चुन्यात हात घातले. तिनं घातले, तुम्ही नाही. तिच्या हातांकडे कधी बघितलंत का? आणि चाळीस वर्षांत तिला एकदा तरी डफडं वाजवू दिलंत?

डफडं परत मिळणार नाही. ते माझ्या वडिलांचं आहे.

प्रियदर्शनी

---

सावरखेडा
२ मार्च

प्रियदर्शनी,

तुयं पत्र दोन डाव वाचलं. तुया त्या साहेबाच्या नाकाले बसव ना प्लास्टिक. डफड्याले कायले? त्यानं रुमाल लावला म्हून तू बापाचं डफडं सोललं. उद्या त्याले तुया नावाचा वास आला तं नावबी बदलशीन.

मेलेलं ढोर ओढणं आपल्या घरात सोडलं ते माया बापानं. मी दहा वर्सांचा होतो. पाटलाचा बैल मेला, चार दिवस गोठ्यामागं पडून होता, पण बाप गेला नाई. त्याच्यासाठी काय सोसलं ते तुले सांगून फायदा नाई, तुले सगळं पुस्तकातून कळते. मी बकऱ्याचं कातडं आणतो, बाजाराच्या दिवशी, खाटकाच्या दुकानातून. तू जथून मटण आणते तथूनच. त्यात लाज कायची? लाज त्या पाटलायनं देल्ली होती, ती मी वापस केली. तू अजून उराशी धरून बसली.

अन् बायकोचं म्हणशीन तं इचारलं मी तिले. चुलीपाशी होती. म्हटलं, कातडं बरं का प्लास्टिक? म्हणे, कातडं. झालं समाधान? हाताच्या भेगा हिवाळ्याच्या हायेत, सगळ्यायलेच पडतात. तुले मोठ्याईचा एवढा कळवळा, तं दोन वर्सांत किती डाव आली तिले पाहाले? संघपालच्या तेरवीपासून तुया पाय या गावाले लागला नाई.

औंदा जयंतीले तुमचं पथक सावरखेड्यात आणू नको. वेशीतून वापस लावून देईन.

चंपत

---

मावला
११ मार्च

मोठेबाबा,

मोठ्याई कुठं आहे हे तुम्ही अजून मला विचारलेलं नाही, म्हणून मीच कळवते. ती माझ्याकडे आहे. शुक्रवारी दुपारी आरटीसीच्या बसनं एकटी आली. हातात एक पिशवी, आणि दोन्ही हातांना चिंध्या गुंडाळलेल्या. मी दार उघडलं तर म्हणाली, "पाणी दे माय, मले गिलास धरता येत नाई."

सुवर्णानं तिला सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी चिंध्या सोडल्या तेव्हा सुवर्णानं, जी रोज जखमा बघते, तिनंसुद्धा तोंड फिरवलं. बोटांच्या पेरांत चुना बसून मांस दिसतंय. डॉक्टर म्हणाले, पुन्हा चुन्याला हात लावायचा नाही, लावला तर बोटं वाकडी होतील. तुमच्या भाषेत हिवाळ्याच्या भेगा. इथं पारा अडतीसवर गेलाय.

मी दोन वर्षं आले नाही हे तुम्ही बरोबर लिहिलंत. ते मला लागलं आणि लागायलाच हवं होतं. पण तुम्ही त्याच घरात राहत होता. एका चुलीवरचं जेवत होता.

ती आता इथेच राहील. आणि ऐका, काल ती आमच्या सरावाला आली. हात बरे झाले की तिला फायबरचं डफडं देणार आहोत. चुना नाही, वास नाही, जाळ नाही. साठ वर्षांच्या बाईला पहिल्यांदा कोणी काडी हातात देईल आणि ती मी देईन.

प्रियदर्शनी

---

सावरखेडा
१५ मार्च

आधी भावाचं डफडं नेलं, आता बायको नेली. आता घराची कवलं ऱ्हायली, तीबी घेऊन जा.

ती गेली तवा मी वावरात होतो. सांगून गेली नाई. मले वाटलं बहिणीकडं गेली असन, म्हून इचारलं नाई. तू याचाबी मुद्दा करशीन.

जयंतीसाठी तीन गावच्या डफड्याचं काम माया अंगावर हाये. सहा कातडी टाक्यात भिजत होती. कवा काढाची, कवा पलटवाची, चुना किती टाकाचा, हे तिलेच ठाऊक. मी दोन दिवस जास्त ठेवली. काढाले गेलो तं हातात तुकडे आले. सगळी वस्ती नाकावर पदर धरून माया आंगणात उभी होती. आपलीच वस्ती. सहाच्या सहा वावराच्या धुऱ्यावर नेऊन पुरली.

तिले म्हण वापस ये. हाताले दवा मी आणून देतो. कातडं कमावणं हे बायकाचंच काम हाये, माया मायनंबी केलं, आजीनंबी केलं. माणसानं ताणाचं, तापवाचं, वाजवाचं. असंच हाये ते. मी थोडंच ठरवलं?

अन् तिच्या हातात प्लास्टिक देऊ नको. माया घरातल्या माणसाचं हसू करू नको.

चंपत

---

मावला
२१ मार्च

मोठेबाबा,

हे पत्र तीन दिवस लिहून ठेवलं होतं. टाकायचा धीर होत नव्हता. याचा तुम्ही आनंद मानाल, आणि तोच मला नको होता.

रविवारी मोठ्याईच्या हातावरच्या पट्ट्या निघाल्या. व्हरांड्यात सगळ्या जमलो होतो. मी बाबांचं डफडं तिच्या गळ्यात घातलं, डाव्या हातात बारीक काडी दिली, उजव्यात जाड टिपरू. म्हटलं, "मोठ्याई, एक ठोका मार." तिनं एक मारला. मग जे सुरू झालं ते मी कसं सांगू? तुमची लग्नाची चाल, मयताची चाल, जयंतीची चाल, सगळं तिच्या मनगटात होतं. सुवर्णा रडायला लागली. "कुठं शिकलीस?" विचारलं तर म्हणाली, "पायलीवर बोटानं. तांदूळ निवडता निवडता."

आणि मग थांबली. डफडं गळ्यातून काढून माझ्या मांडीवर ठेवलं. म्हणाली, "हे नाई. याच्यावर मारलं की आवाज निस्ता पुढं जाते. कातड्यावर मारलं की तो वापस हाताले येते. मले कातडं पाह्यजे."

मी तिच्याशी भांडले, मोठेबाबा. सगळ्यांसमोर. म्हटलं, "मोठ्याई, तुझे हात या कातड्यानं खाल्ले!" ती शांतपणे म्हणाली, "कातड्यानं नाई खाल्ले. एकटीनं केलं म्हून खाल्ले."

मग म्हणाली, "तुमी दोघं मायावरून भांडून राह्यले. त्यायनं मले चुलीपाशी इचारलं, हातात भाकर होती. तू तं इचारलंच नाई." माझ्या तोंडावर म्हणाली. मला दोन रात्री झोप लागली नाही.

तिचा निरोप असा आहे, आणि मी तो शब्दाला शब्द लिहिते: "मले जयंतीले वाजवाचं हाये. कातड्याचंच. अन् ते कातडं त्यायनं सोताच्या हातानं कमवाचं. भिजवाचं, तासाचं, धुवाचं, सगळं. दुसऱ्या कोण्या बाईले बसवलं तं मले अंगठ्यानं कळते."

मला स्वतःला हा निरोप पटलेला नाही. मी फक्त पोचवते आहे.

प्रियदर्शनी

---

सावरखेडा
२४ मार्च

प्रियदर्शनी,

तुया डोक्यातलं तिच्या तोंडी घालू नको. चाळीस वर्सांत तिनं मले असं काई म्हटलं नाई.

सत्तर वर्सांचा मी चुन्याच्या टाक्यावर बसू? गाव काय म्हणन? बायको वाजवते अन् चंपत केस तासते? तिले सांग, वाजवाचं असन तं वाजव प्लास्टिक. मी काई करत नाई.

चंपत

---

मावला
२७ मार्च

नागसेनच्या बाबाले जयभीम.

सुवर्णा लिहून राह्यली, मी सांगून राह्यली. पोरीचं यात काई नाई. ती तं माया मनाविरुद्ध प्लास्टिक देत होती.

तुमी म्हणता चाळीस वर्सांत मी काई म्हटलं नाई. म्हटलं होतं. आपला पोरगा नागसेन तान्हा होता. मी टाक्यापाशी बसून तासलेल्या कातड्यावर टिचकी मारली, आवाज चांगला निघाला, म्हून दोन बोटानं चाल वाजवली. तुमी वसरीतून म्हणले, "बाई, कातडं खराब करू नको." मी हात काढला. तवापासून काढलेलाच हाये.

राग धरून सांगत नाई. तुमी चांगले वाजवता. जत्रेत लोक म्हणत, चंपतचं डफडं बोलते. मी मनात म्हणे, बोलन नाई तं काय, पोटातली चरबी कोणं काढली त्याची?

चुना थंड झाल्यावर टाका. ओंजळीनं दोन खोंगे, जास्त नाई. तिसऱ्या दिवशी पलटवा. केस बोटानं ओढल्यावर सुटले तं काढा, नाई सुटले तं एक दिवस थांबा. केस तासाची रापी आडवी धरा, उभी नाई. हाताले खोबरेल तेल लावा, अन् सुवर्णानं रबरी मोजे देल्ले ते याच्यासंगं पाठवले, घाला.

नसन करत तं ऱ्हाऊ द्या. मी रस्त्याच्या कडेले उभी ऱ्हाईन अन् पाहीन. पण प्लास्टिक वाजवणार नाई अन् घरी येणार नाई.

भागीरथा

---

सावरखेडा
११ एप्रिल

प्रियदर्शनी,

बसच्या ड्रायव्हरजवळ एक डफडं देल्लं हाये. पोत्यात बांधलं हाये. बसस्टँडवर जाऊन नेजो. ते तुयासाठी नाई, तिच्यासाठी हाये. तू त्याले बोल्ट लावजो नको.

पह्यलं कातडं रापी लागून फाटलं. हे दुसरं हाये. डाव्या बाजूले थोडे केस ऱ्हायले, मले तथी हात बसला नाई. मोजे घातले होते, पण मोज्यात पाणी गेलं. बोटाची आग अशी होते की भाकर मोडता येत नाई. चार दिवस दुधात कालवून खाल्ली.

वस्तीतल्या बाया भिताडावरून पाहून हसून राह्यल्या. बयनाबाई, शेजारची, म्हणे, "भावजी, रापी आडवी धरा." तिलेबी ठाऊक. सगळ्या बायायले ठाऊक. मलेच ठाऊक नोतं.

ताणलं मीच, ते चांगलं ताणलं हाये. त्यात कोणी खोट काढू शकत नाई.

मी जयंतीले आदिलाबादले येत नाई. तुयं तोंड पाहाची मले इच्छा नाई.

चंपत

---

मावला
१७ एप्रिल

मोठेबाबा,

तुम्ही आला होता. चौकात उसाच्या रसवंतीमागं उभे होता, डोक्याला पांढरा रुमाल बांधून. मी बघितलं. तुम्हीही मला बघितलं आणि पाठ फिरवलीत.

मिरवणूक मावल्यातून साडेचारला निघाली. डफडं आधी नीट बोलत नव्हतं. डाव्या बाजूनं, जिथं केस राहिले होते, तिथं ठोका खरखरत होता. दोघीचौघी एकमेकींकडे बघून हसल्या. मोठ्याईनं अंगठ्यानं ती जागा चाचपली, म्हणाली, "हितं त्यायचा हात बसला नाई," आणि ती बाजू सोडून वाजवायला लागली. पण ऊन इतकं होतं की जाळाची गरजच पडली नाही. अर्ध्या तासात कातडं तापलं.

मला हे लिहायला आवडत नाही, तरी लिहिते. आठ फायबरची आणि एक कातड्याचं. चौकात आल्यावर माणसं ज्या एका आवाजाकडे वळून बघत होती तो आमचा नव्हता. आम्ही आठजणी तिच्या मागं पडलो आणि तिच्या ठेक्यात चालत राहिलो. मी डोळे पुसले, घामाचं निमित्त करून.

पण तुम्ही जिंकलात असं समजू नका. बाकी सात जणींना फायबरच हवं आहे, आणि त्यांचं कारण त्यांच्याजवळ आहे. अंगणवाडीतली म्हणते, घरी कातडं आणलं तर माझी सासू उंबरा ओलांडू देणार नाही. तिला मी काय सांगू, आवाज हाताला परत येतो म्हणून? जुलैत पाऊस येईल तेव्हा आम्ही वाजवू आणि तुमचं भिजलेलं खुंटीला टांगलेलं असेल. बाबांच्या डफड्यावरचं पान मी काढणार नाही. ते मागू नका.

आणि एक. मिरवणूक संपल्यावर मी पाणी आणायला गेले तेवढ्यात तुम्ही तिला घेऊन गेलात. मला न सांगता. तिची दोन लुगडी अजून माझ्या दोरीवर आहेत. सुवर्णानं मलम काढून ठेवलं होतं, ते यासोबत पाठवते. दिवसातून दोनदा. तुमच्या हातांनाही लावा. अर्थात तुम्ही लावणार नाही.

प्रियदर्शनी

---

सावरखेडा
२० मे

प्रियदर्शनी,

मलम भेटलं. लावतो. तू सांगतलं म्हून नाई, आग होते म्हून.

मी तिले घेऊन आलो नाई. मी बसमधी बसलो होतो, ती सोताहून चढली, बाजूच्या सीटवर बसली. भैंसा गावाकडचे लग्नाचे वऱ्हाडी होते, बसमधी लय गर्दी. तिनं डफडं मांडीवर घेतलं होतं. मी म्हटलं, डाव्या बाजूले केस ऱ्हायले. ती म्हणे, दिसलं. लुगडी तिकडंच ऱ्हाऊ दे, ती म्हणते तुयाकडं परत जायले कारण पाह्यजे. मी आडवा येणार नाई.

संघपालच्या डफड्याचं मी इसरलो नाई. कातडं कचऱ्याच्या गाडीत टाकलं ते मी तुले मरेपर्यंत माफ करणार नाई. तू जवा जवा समोर येशीन तवा सांगीन. प्लास्टिक ते प्लास्टिकच.

तरी एक गोष्ट लिहितो, कारण ती तुले दुसऱ्याच्या तोंडून कळण्यापेक्षा माया हातानं कळलेली बरी.

बुद्धपौर्णिमेच्या दोन दिवस आधी पलीकडच्या गावचे चार जण आले. बुद्धविहाराचं उद्घाटन होतं, मिरवणुकीले डफडं पाह्यजे होतं. तीस वर्सं झाली, त्या गावाले मीच जातो. मी आंगणात तासाले बसलो होतो, हे चौथं कातडं, आता रापी आडवी बसते. त्यायले पाहून मी म्हटलं, "या, बसा. कवा निघाचं?"

ते एकमेकाकडं पाहाले लागले. त्यातला म्हातारा मंग म्हणे, "चंपतराव, राग मानू नका. जयंतीले आदिलाबादच्या चौकात आमच्या बायायनं पाह्यलं. वाजवणारी हाये का घरी?"

मी खाली पाह्यलं. रापी बाजूले ठेवली. ते उभेच होते. मंग मी बसल्या जागेवरूनच आत आवाज देल्ला, "भागीरथा, भाईर ये. तुले बलावून राह्यले."

चंपत